लाभ म्हणजे एक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या दौंडच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा-धुपारा नव्हता. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी बावीस प्रतिज्ञा, वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलेल्या. कुणी अंगात आलंय म्हणालं की आई म्हणायची, "कामाला लावा, आपोआप जाईल." अशा घरात वाढलेली मी, पुढे पस्तीस वर्षं शिक्षिका. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही... मीही हसले असते.

गोष्ट आहे पंचाहत्तर-शहात्तर सालची. मी शिरूरला प्राथमिक शाळेत नोकरीला होते. वय सव्वीस, लग्न नाही, भाड्याची एक खोली. पगारातून थोडं शिल्लक पडायला लागलं तेव्हा बरोबरच्या बाया म्हणाल्या, सोन्याची माळ कर. माझ्या डोक्यात मात्र जागा होती. शिरूरला बाहेरगावचे मास्तर, तलाठी, कंपाउंडर येत होते आणि खोल्यांसाठी दारोदार फिरत होते. मीही फिरले होते. नाव विचारून झालं की आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची! तेव्हाच ठरवलं, आपण जागा घ्यायची, खोल्या बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या. आडनाव न विचारता. 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्द मी तेव्हा नुकताच शिकले होते आणि वाक्यात कुठे ना कुठे तो घालायचेच.

गावठाणाला लागून एका शेतकरी आप्पांचा तुकडा विकायचा होता. त्यांची नात माझ्या वर्गात होती. गावातल्या काहींनी त्यांना टोकलंसुद्धा, "आप्पा, गावाला लागून जागा, आन् कुनाला देताय?" आप्पा म्हणाले, "माज्या नातीला वाचाया शिकीवलं त्या बाईला देतोय. तुमी शिकीवलं असतं तर तुमाला दिली असती." आप्पांची नजर मोतीबिंदूने गेल्यातच जमा होती, पण जीभ शाबूत होती.

अडचण आप्पांची नव्हती. अडचण माझ्या वडिलांची होती... आबांची.

आबा मोजणी खात्यात साखळी ओढायचे. मोजणीदार साहेब टेबल मांडून नकाशा काढणार आणि आबा लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून, ढेकळांतून चालत जाणार. शिरूर, दौंड, दोन्ही तालुक्यांत त्यांच्या पायाखालून गेलं नाही असं शिवार कमी. स्वतःच्या नावावर मात्र एक गुंठा नाही. मला वाटलं होतं, मी जागा घेते म्हटल्यावर आबा हरखून जातील. पण मी पहिल्यांदा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "नको तायडे," ते म्हणाले. "जमिनीपायी सख्खा भाऊ भावाला वळखत न्हाई, ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या. आन् आपल्याला तर कोन सुखानं बसू देनार हाय? तू शाळा कर, पोरं शिकीव." मी वाद घातला. दुसऱ्या दिवशी तशीच शिरूरला परतले.

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आता बोलणं यायचं नाही. दोन वर्षं आबा दौंडच्या खोलीत खाटेवर पडून होते आणि आमचं शेवटचं बोलणं म्हणजे ते भांडण. आप्पांची जागा डोळ्यांसमोर आली तरी माझं पाऊल पुढे पडेना. वडिलांचा 'नको' मोडायचा, तोही ते उलटून बोलू शकत नसताना... मला ते जमत नव्हतं. शेवटी मी मनाशी ठरवलं, की शनिवारी जागा मोजून घ्यायची, संध्याकाळी दौंडला जाऊन आबांना सगळं सांगायचं आणि त्यांनी नुसती मान हलवली तरच सोमवारी कागदावर सही करायची. नाही हलवली तर विषय संपला.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर मी तशीच शेतावर गेले. मार्च महिना, ऊन चांगलंच तापलं होतं. सरकारी मोजणीला दिवस लागले असते, म्हणून कागद लिहिण्यापुरतं आमचं आम्हीच मोजणार होतो. शाळेतल्या टेपने तेहतीस फूट मोजून दोरी तयार केली होती. एक दोरी लांब, एक दोरी रुंद म्हणजे एक गुंठा. रुंदी एकच दोरी होती, ती आधीच आखून झाली. लांबी चार दोऱ्या घ्यायची, म्हणजे माझे चार गुंठे. त्याच्या पलीकडे आप्पांच्या विधवा भावजयीचा तुकडा. तिला तेवढंच होतं. दोन्ही तुकडे वर्षानुवर्षं एकत्र नांगरलेले, त्यामुळे मधला बांध कधीच मोडला होता. खुंट्या जिथे बसतील तिथेच हद्द, आणि सोमवारी तीच कागदावर चढणार होती.

मागचं टोक आप्पांनी धरलं, पुढचं मी. "मोजायचं तुमी, बाई," आप्पा म्हणाले. "मी नुसता धरून हुबा ऱ्हातो. मला खुट्टी बी दिसत न्हाई."

मी दोरी ताणली. आप्पांनी दोरीचं टोक कपाळाला लावलं आणि मोठ्याने म्हणाले, "लाभ!"

मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. शेतकरी माणूस, सुरुवातीला नाव घेत असेल, आपला काय संबंध? मी टाचेने खूण केली आणि पुढे झाले. मग पुन्हा दोरी ताणली, आप्पा म्हणाले, "हां... पुढं!" आणि मी मनात म्हटलं, एक. तिथे पहिली खुंटी ठोकली. पुन्हा "हां, पुढं!" दोन. पुन्हा, तीन. चौथी खुंटी हातात घेऊन मी खाली बसले, दगड उचलला आणि ठोकणार...

"तायडे, लाभ धरला न्हाईस."

माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. आवाज किंचित बसका, दिवसभर साखळी ओढून आल्यावर असायचा तसा. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी काहीच वावगं वाटलं नाही. लहानपणी पाटीवर गणित चुकलं की ते असेच मागून बोलायचे. मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "म्हणजे काय, आबा?"

"लाभ म्हंजीच एक. एक दोरी माघारी घे. ही दुसऱ्याची हाय."

"बरं," मी म्हटलं आणि खुंटी उचलली. उभी राहिले... आणि मग माझ्या लक्षात आलं की आबा दौंडला आहेत. खाटेवर. दोन वर्षं बोललेले नाहीत.

मागे कुणी नव्हतं. उघडं शेत, कापलेल्या ज्वारीची धसकटं, लपायला झुडूपसुद्धा नाही. मनगटावरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. भीती वाटली का? लोक नेहमी विचारतात. नाही वाटली. रडू आलं. दोन वर्षांनी 'तायडे' ऐकलं होतं हो मी.

डोळे पुसून आप्पांकडे गेले आणि विचारलं, "आप्पा, लाभ म्हणजे काय?"

"म्हंजी?" आप्पा चकित. "पैला. खळ्यावर धान्य मापताना कुनी एक म्हनतं व्हय? लाभ म्हनायचं, मंग दोन, तीन. बाईंना एवढं ठावं न्हाई?"

नव्हतं ठाऊक. कसं असणार? आमच्या घरी ज्वारी दुकानातून किलोवर तोलून यायची. मापायला आमचं खळं होतं कुठे? खळं असलेल्या घरातलं शेंबडं पोरही जे सांगेल, ते मला, शिक्षिकेला, माहीत नव्हतं. आणि त्यापायी मी एका विधवा बाईचा गुंठाभर तुकडा गिळायला निघाले होते, तोही आप्पांच्या विश्वासावर.

खात्री म्हणून आम्ही भावजयीचा तुकडा तिच्या विहिरीच्या बाजूने उलट मोजत आलो. तो बरोबर तिथेच संपला, जिथून मला माघारी यायला सांगितलं होतं. आधीच्या तिन्ही खुंट्या एकेक दोरी माघारी घेतल्या आणि तिथे मी चौथी खुंटी ठोकली. आप्पा शेजारी उभे होते. म्हणाले, "मघाशी कोन आलं हुतं वो? गड्यामानसाचा आवाज आला मला. नजर गेली माजी, कान न्हाई गेलं." मी खुंटीवर आणखी एक घाव घातला.

दुपारची एस.टी. पकडून न्हावरे-चौफुल्यावरून दौंडला पोचायला संध्याकाळ झाली. वाटभर ठरवत होते, आईला सांगायचं की नाही. उगाच पोरीच्या डोक्यात ऊन गेलं म्हणायची.

आई दारातच होती. मी चप्पल काढायच्या आत म्हणाली, "आलीस व्हय? आगं, आज तुजं आबा बोललं!"

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. शपथेवर सांगते, मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"दुपारी, रेल्वेच्या शेडचा बाराचा भोंगा व्हायच्या जरा आदी," आई सांगत होती. "मी हितं जवारी निवडत बसलेली. एकदम ह्येंचा आवाज! मी म्हनलं, कोन शिरलं घरात? बगती तर हेच. डोळं मिटलेलं, आन् म्हनत्यात, तायडे, लाभ धरला न्हाईस. मंग म्हनलं, लाभ म्हंजीच एक, एक दोरी माघारी घे, ही दुसऱ्याची हाय. आता बया, दोन वर्सं मी ह्येंचं हागनं-मुतनं काढती, तर माज्याशी एक शब्द न्हाई. आन् बोलायचं तर काय... लाभ!" आई हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"अजून काही म्हणाले?"

"मंग लई येळ गप ऱ्हायलं. भोंगा झाला, त्याच्या बी नंतर, डावा हात असा वर केला आन् मोठ्यांदा म्हनलं, रोव! बास. त्येच्यानंतर डोळं उगडलं, पानी मागितलं खुनेनं. उन्हातनं आल्यावानी दोन तांबे पानी प्यालं बग. आन् झोपलं ते आत्ताच उठलं."

रोव. खुंटी ठोक, असा त्याचा अर्थ. हा शब्द मी शेतात ऐकला नव्हता. चौथी खुंटी ठोकताना माझ्या कानावर काहीच पडलं नव्हतं. तो शब्द फक्त दौंडला, आईला ऐकू आला. मी ज्या एका मान हलवण्यासाठी एवढा प्रवास करून आले होते, ते उत्तर माझ्या आधीच घरी पोचलेलं होतं.

मी आत गेले. आबा जागे होते. मी त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. जागा, आप्पा, भावजय, माझी चूक. "घेऊ ना, आबा?" म्हटलं. त्यांनी मान हलवली, आणि मग तोंडाची जी बाजू शाबूत होती तिने हसले. बोलले मात्र नाहीत. त्यानंतर चार वर्षं जगले, पण पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी मी सही केली. वर्षभरात पहिली खोली उभी राहिली. माझ्या त्या थोर इन्व्हेस्टमेंटला पहिली चार वर्षं दमडी भाडं आलं नाही, कारण त्या खोलीत मी आबांना आणि आईला आणून ठेवलं. दार उघडलं की आबांना खाटेवरून समोरची जमीन दिसायची. आई म्हणायची, दिवसभर तिकडंच बघत असतात. पुढे मी आणखी तीन जागा घेतल्या, खोल्या बांधल्या. आता तर रांजणगावच्या कंपन्यांतली मुलं राहतात, बिहारची, लातूरची, कुठकुठची. पण तसा आवाज परत कधी आला नाही, कुठल्याच जागेवर.

एका डॉक्टरांना मी हे सांगितलं होतं. ते म्हणाले, अशा रोग्यांना क्वचित एकदम वाचा फुटते. मान्य. एका मैत्रिणीचं म्हणणं, लहानपणी कधीतरी आबांच्या तोंडून 'लाभ' तुझ्या कानावर गेला असेल, ऐन वेळी मनाने तो वर काढला. तेही मान्य. पण माझ्या मनाने वर काढलेलं वाक्य, जसंच्या तसं, साठ किलोमीटरवर ज्वारी निवडणाऱ्या माझ्या आईला कसं ऐकू आलं? आणि आप्पांना ऐकू आलेला तो गडी कोण? 

आबांना मी एकदाच विचारलं. ते जायच्या आदल्या उन्हाळ्यात, दुपारी, आई बाजारात गेली होती तेव्हा. म्हटलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही शेतावर आला होता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. याला हो म्हणायचं की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.