टाकलेली मुलगी नियमात बसत नव्हती

राज्याच्या कायद्यांत बाईला कुठेकुठे डावललंय, ते शोधायला पंच्याहत्तरच्या आसपास एक समिती नेमली होती. तिच्या नागपूरच्या बैठका सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यात व्हायच्या. मी नवीन वकील, त्यातून बाई, म्हणून मला कायदे वाचून काढायच्या कामाला जुंपलं होतं. काम मला आवडायचं, समिती नाही. अर्धा वेळ चहात जायचा.

तेव्हा मौद्याकडची एक बाई माझ्याकडे खेपा घालायची. बाप शाळेत चपराशी, नोकरीतच वारला. नवऱ्यानं हिला टाकलेली, म्हणून ती मायजवळ राहायची. भाऊ नव्हता. बापाची जागा मिळाली तर दोघी जगणार होत्या. पण खात्याच्या नियमात ती जागा मुलाला मिळायची, बिनलग्नाच्या मुलीला किंवा विधवा मुलीला. टाकलेलीचं नावच नव्हतं.

मी तो नियम समितीपुढे ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आपण कायदे तपासतोय. हा खात्याचा नियम. आपल्या कक्षेत येत नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. "त्या बाईचं पोट कोणाच्या कक्षेत येतं मग?" मी विचारलं. अध्यक्षांनी पुढचा कायदा वाचायला घेतला.

ती बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी तिला काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे तो मेला असता तं नोकरी भेटली असती?"

"हो."

"जिता हाये म्हून नाही."

"नाही."

ती पदर सावरून उठली आणि गेली.

दिवाळीनंतर आली तेव्हा कपाळ मोकळं, गळा मोकळा. मला वाटलं, सुटली बिचारी. एखाद्याच्या मरणाचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"कधी गेला वं?"

"कुठी गेला? कन्हानले हाये, दुसरी घेऊन. कुकू मीच पुसलं. म्हटलं, आता तरी घेतीन. तं खात्याचा साहेब म्हने, मयतीचा दाखला आन."

मला तिचा राग आला, साहेबाचा आला, सगळ्यांचाच आला. "मग लाव ना परत कुंकू, वेडे."

"लावून कोनाले दाखवू, बाई? आता मारुतीच्या ओसरीत झोपून राहिली मी. माय म्हने, जित्या नवऱ्याचं कुकू पुसनारी माह्या घरात नको."