दीपगृहाचा म्हातारा आणि आमची अप्पर पोस्ट

माझी शेवटची पोस्टिंग दहावीच्या वर्गावर झाली. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी दिवेआगरला सुपारीची वाडी बघत निवांत होतो. शाळेतल्या मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. हेडमास्तर माझा बालमित्र. वाडीत आला, शहाळं संपवलं आणि म्हणाला, "बाई येईपर्यंत मराठी तू घे. हुकूम समज." हुकूम म्हटल्यावर विषयच संपला.

रुटीन छान बसलं. सकाळी वाडीला पाणी, मग दाढी, इस्त्रीचा शर्ट, शाळा. पोरं उभी राहिली की माझा हात आपोआप सॅल्यूटला उठायचा आणि मागचे बाक फिदीफिदी हसायचे. मलाही मजा वाटायची.

मग एका जुन्या गोष्टीचा धडा आला. पुस्तकात तिला अभिजात कथा म्हटलं होतं. बेटावरच्या दीपगृहाचा एक म्हातारा रखवालदार असतो. त्याचं तेल संपतं आणि रसद आणणारं जहाज वादळात सापडतं. ते खडकावर आपटू नये म्हणून म्हातारा आपली एकुलती एक होडी फोडून जाळतो आणि उजेड चालू ठेवतो. जहाज वाचतं. पण कप्तानाला वाटतं, एवढा उजेड आहे म्हणजे म्हाताऱ्याकडे तेल भरपूर आहे. तो न थांबताच पुढे निघून जातो.

मला दोन गोष्टी शिकवायच्या होत्या, त्याग आणि दैवाचा उपरोध. त्याग फळ्यावर लिहिला. तेवढ्यात सानिका उभी राहिली. कोळीवाड्यातली, वर्गात सगळ्यात धीट.

"सर, म्हातारा येडाच म्हनायचा. होडी जालली तं मागं काय ऱ्हायलं? आमचा बापूस असा कदी करायचा न्हाय."

वर्ग हसला. मला राग आला. तो म्हाताऱ्यासाठी नव्हता, दत्तारामसाठी होता. मी खडू खाली ठेवला आणि पोरांना दत्ताराम सांगितला.

लान्स नायक दत्ताराम म्हसळ्याजवळच्या गावचा. उत्तरेला बर्फातल्या अप्पर पोस्टवर आम्ही सहा जण होतो. मी पोस्ट कमांडर, तो रेडिओ ऑपरेटर. दिवस ठरलेले. बर्फ वितळवून पाणी करायचं, पहाऱ्याची ड्यूटी करायची, रेडिओवर रिपोर्ट द्यायचा, डब्यातली भाजी खायची आणि पत्ते कुटायचे. आमच्या खाली लोअर पोस्ट होती. एका सकाळी तिच्यावर बर्फाचा कडा कोसळला. गाडल्या गेलेल्या दोन जवानांना साथीदारांनी उकरून काढलं, पण दोघांचेही पाय मोडले होते. हेलिकॉप्टर मागवलं. ते छोटं, दोनच पेशंट मावणारं. ढग चढत होते. दुसरी फेरी होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

आम्ही पाच जण बाहेर स्टोअरवरचा बर्फ काढत होतो. दत्ताराम आत सेटवर एकटा. दोन दिवस तो खोकत होता, साधी सर्दी म्हणायचा. त्या उंचीवर कधीकधी छातीत पाणी भरतं, खोकल्यातून रक्त येतं आणि लगेच खाली नेलं तरच माणूस वाचतो. हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्या सकाळी त्याच्या रुमालात रक्त पडलं होतं. ते त्याने एकट्यानेच पाहिलं; रुमाल आम्हाला नंतर सापडला. सेटवर काय बोलणं झालं ते मला कंट्रोलच्या ऑपरेटरने नंतर सांगितलं.

"अप्पर, तुमच्याकडे कॅज्युअल्टी? ओव्हर."

"निल. लोअरला जा. ओव्हर."

"अप्पर, तुमचा आवाज एकदम क्लिअर. रॉजर, आउट."

हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून गेलं, आम्ही हात हलवले. दोघं जखमी सुखरूप खाली पोहोचले. मी आत आलो तर दत्ताराम सेटला टेकून बसलेला, ओठ निळे.

"बोलला का नाहीस?"

"त्यांचं पाय मोडल्यात, उस्ताद. माजा नुस्ता खोकला हाय."

मी सेट हातात घेतला आणि हेलिकॉप्टर परत मागितलं. ढगांनी वाट बंद झाली होती; कंट्रोलचं उत्तर आलं, "वेदर पॅक्ड. वेट. ओव्हर." आम्ही त्याला ऑक्सिजन लावला, पाठीवर घेतला आणि आळीपाळीने उतरायला लागलो. लोअर पोस्ट दिसायच्या आतच तो गेला.

वर्गात सानिका पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "मंजी आवाज साफ व्हता म्हनून कोनाला कललाच न्हाय?"

"नाही कळलं."

"याला उपरोध म्हनायचा का, सर?"

"हो. यालाच."

धडा तिनेच शिकवला म्हणायचा. पण पोरगी खाली बसेना. "त्याच्या घरच्यांना ईचारलंत का, तो येडा व्हता का?"

नव्हतं विचारलं. रविवारी मी म्हसळ्याची एसटी पकडली. दत्तारामच्या बायकोला, सुमनवहिनींना, सानिकाचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्या रागावतील अशी मला धास्ती होती. त्या हसल्या.

"पोरीचं बरोबर हाय, भावजी. मी बी पयल्या वर्साला तेच म्हनायची. येडा मानूस! घरात 'भाकर वाढ' बी तोंडातल्या तोंडात म्हनायचे, आन तिथं बरा साफ आवाज काढला!"

मलाही हसू आवरेना. पुष्कळ दिवसांनी दत्ताराम असा हसत आठवला, फार बरं वाटलं.

"मग आता काय म्हणता?" मी विचारलं.

"मंग त्या वाचलेल्या दोगांतला एक जवान आला. काठी टेकत, बायको आन तान्ही लेक घेऊन. लेक माज्या मांडीवर झोपली, उठंच ना. पायाला मुंग्या आल्या, तरी मी हाल्ले न्हाय. त्या दिसापासनं ह्यांना येडा म्हनायचं सोडलं."