बेबाबाईची गाडी विमानाच्या दारात

जळगावच्या स्टेशनाबाहेर केळीची लोटगाडी लावणाऱ्या बेबाबाईच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. मुन्सिपालटीची माणसं अतिक्रमण उठवायला आली की बाकीचे गाडीवाले गाड्या लोटत गल्लीबोळांत पसार व्हायचे. ही बाई मात्र जागची हलायची नाही. खीळ उपटायची, एक चाक काढायची आणि त्या चाकावरच फतकल मारून बसायची. आता कलंडलेली गाडी नेणार कशी? माणसं हात चोळत परत फिरायची, आणि बेबाबाई त्यांच्यातल्याच एखाद्याला जाता जाता केळी विकायची. असली बाई!

तिची मुलगी प्रमिला मस्कतला नर्स होती, जावई गिरधर तिथंच फिटर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून प्रमिला जळगावला आली, तिला भटू झाला आणि रजा संपताच रडत रडत परत गेली. लेकरू नेण्यासारखं घर तिथं अजून मिळालं नव्हतं. तान्हा भटू राहिला आजीजवळ आणि तिच्याच मांडीवर सव्वा वर्षाचा झाला. बेबाबाईला तो ‘माय’ म्हणू लागला. ती रोज प्रमिलाचा फोटो त्याच्यापुढे धरायची, “ती तुनी माय शे रे राजा, मी आजी!” असं घोकून घ्यायची. भटू फोटोची चव घ्यायचा आणि बेबाबाईकडे बघून म्हणायचा, “माय!”

अखेर मस्कतला घर मिळालं. गिरधरनं कागदपत्रं केली आणि त्याचा मित्र, चाळीसगावचा अय्युब, सुट्टीवर आला त्याच्याबरोबर एक घडीची बाबागाडी पाठवली. परत जाताना अय्युबनंच आजी-नातवाला मस्कतला घेऊन जायचं ठरलं. बेबाबाईनं बाबागाडी उलटीपालटी करून पाहिली. चाकं बशीएवढी. “हाईवर डझनभर केळी बी ऱ्हावाव नहीत,” ती म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी ती गाडी लोटगाडीशेजारी उभी राहिली आणि आत भटू तोंडभर केळं माखून बसला.

निघायचे दिवस जवळ आले तशी बेबाबाईची झोप उडाली. विमानाची धास्ती तिला नव्हती. भटू आपल्या आईकडे गेला नाही तर? पोटच्या पोरानं तोंड फिरवलं तर प्रमिलाचं काय होईल? आणि गेला तर आपलं काय होईल, हेही तिच्या मनात येई. मग ती स्वतःवरच चिडायची.

मुंबईच्या विमानतळावर तिनं बाबागाडी स्टेशनरोडवर लोटावी तशी लोटली. “सरका रे भाऊस्वन, गाडी ऊनी!” सुटाबुटातली माणसं बाजूला झाली. अय्युब दहा पावलं मागे राहून आपली ओळख नसल्यासारखा चालला होता.

घोटाळा झाला तो विमानाच्या शिडीपाशी. गणवेशातला एक माणूस पुढे आला, म्हणाला, “आजी, बाळाला उचला. गाडी इथं सोडा.”

गणवेश आणि ‘गाडी सोडा’! बेबाबाईनं भटूला कडेवर घेतलं, वाकून बाबागाडीचं एक चाक खटकन उपसलं, ओच्यात खोचलं आणि शिडीच्या पायरीवर बसकण मारली. मागे रांग तुंबली.

“अहो आजी, गाडी विमानाच्या पोटात ठेवतो. उतरल्यावर दारातच मिळेल.”

“मुन्सिपालटीवाला बी आसंच सांगतस! आन मंग भेटस ती मोडेल भेटस.”

“मावशी, ही मुन्सिपालटी नाही,” अय्युब कळवळून म्हणाला.

“कपडा त तसाच शे!”

तो गणवेशवाला हसला. मूळचा खानदेशातल्या सोनगीरचा निघाला गडी. तो पुढे झुकून तिच्याच बोलीत म्हणाला, “अक्का, खिडकीजवळ बस. तुले दखाडीसनच गाडी मझार ठेवस.” ही बोली कानावर पडली आणि बेबाबाई उठली. खिडकीतून तिनं पाहिलं, तर तो पठ्ठ्या बाबागाडी डोक्यावर घेऊन उभा. त्यानं हात हलवला, गाडी आत ठेवली आणि पुन्हा हात हलवला. तेव्हा कुठे तिनं पट्टा बांधू दिला. चाक मात्र तिनं दिलं नाही.

विमान उडालं. ढग कोणी पाहिले नाहीत. भटू मस्कतपर्यंत त्या चाकाशीच खेळत होता, आणि ते घरंगळत गेलं की पुढच्या रांगांतली भारदस्त माणसं सीटखाली शिरून ते शोधून देत होती.

मस्कतला दारातच गाडी मिळाली. बेबाबाईनं चाक ठोकून बसवलं आणि भटूला बसवून बाहेर आणलं.

कठड्यापलीकडे गिरधरशेजारी प्रमिला उभी होती. ती धावतच आली, गुडघ्यांवर बसली, हात पसरले. भटूनं तिच्याकडे पाहिलं आणि किंचाळून आजीकडे झेप घेतली. बेबाबाईनं उचलताच त्यानं तिच्या पदरात तोंड खुपसलं. खोटं कशाला बोला, बेबाबाईला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं लेकीचं तोंड पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“माय, हाऊ माले वळखत नही व,” प्रमिला हुंदका देत म्हणाली.

“वळखी, वळखी. तू गाडी लोट.” बेबाबाईनं भटूला चुचकारत पुन्हा गाडीत बसवलं आणि स्वतः टाळ्या वाजवत पुढे चालू लागली. भटू हसला. प्रमिला मागून गाडी लोटू लागली. थोडं गेल्यावर बेबाबाई हळूच बाजूला झाली आणि गाडीच्या मागे गेली. भटूला आता पुढे कोणीच दिसेना. इकडे प्रमिलाच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. तिनं डोळे पुसायला गाडी थांबवली.

भटूला थांबणं मंजूर नव्हतं. त्यानं गाडीच्या दांडीवर दोन्ही हात आपटले आणि मागे न बघताच हाक मारली, “माय!”

ही हाक कोणाला होती ते बेबाबाईला पक्कं ठाऊक होतं. ओ अगदी ओठांवर आली होती. तिनं तोंडावर पदर घट्ट दाबून धरला.

“आले रे, माझ्या राजा!” प्रमिला म्हणाली.

भटूनं मान वळवून पाहिलं. अनोळखी तोंड होतं, पण गाडी पुन्हा धावू लागली होती, आधीपेक्षा जोरात. तो खिदळला. प्रमिला रडत होती, हसत होती आणि पळत होती. गिरधर तिच्यामागे पळत होता.

बेबाबाईनं अय्युबला कोपरानं ढोसलं. “देखं का अय्युबभाऊ? मायले वळखी लिधं पोऱ्यानी.”