जाणाऱ्यांची यादी आधी वाचणारे दिगंबरराव

श्री. दिगंबरराव कोकरे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते टेबलाखाली होते. मी संगणकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून महाविद्यालयात नुकताच रुजू झालो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि डोक्यात पुण्याची हवा. प्रयोगशाळेत शिरलो तर टेबलाखालून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले. मी विचारलं, "ओ मामा, इथले इन्चार्ज कुठं भेटतील?" आतून आवाज आला, "भेटले की. थांबा, येवढी वायर लावून येतो." मग ते बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "मी दिगंबर. असिस्टंट हाय. इन्चार्ज कोणी न्हाई. बसा सर, पण त्या कोपऱ्यात बसा, तिथलाच पंखा चालतो."

आमच्याकडे शिपायाला आणि प्रयोगशाळा सहायकाला 'मामा' म्हणायची पद्धत आहे. म्हणणाऱ्याला त्यात आपुलकी वाटते. ज्याला म्हणतात त्याला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. दिगंबररावांना अख्ख्या नोकरीत प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत सगळे 'ओ मामा' म्हणत आले. आता साठी पूर्ण झाल्यावर त्यांच्या सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत 'आदरणीय दिगंबररावजी' छापलं आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर माणसाला नाव मिळालं! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

सत्कारासोबत निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीनं मला सांगितलं, "सर, गोड लिहा. दोन आठवणी, एखादा विनोद, शेवटी शुभेच्छा." मी स्वतः त्या समितीचा सदस्य आहे, म्हणून गोड लिहायला बसलोही होतो. जमलं नाही. ज्यांना गोडच वाचायचं असेल त्यांनी पुढचं पान उलटावं. तिथं पदाधिकाऱ्यांचे लेख आहेत.

आधी त्यांच्या कामाविषयी सांगतो, कारण ते काम काय होतं हे संस्थेत कुणालाच कधी कळलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत बावीस संगणक होते, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले. त्यांच्यावर विकतची प्रणाली चालणं शक्य नव्हतं. दिगंबररावांनी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली शिकून घेतली. कुणाकडून? पुस्तकांतून, आणि चुकत चुकत. एक बरा संगणक त्यांनी सर्व्हर केला आणि बाकीचे एकवीस त्याच्या जिवावर चालवले. सर्व्हर चालला तर सगळे चालणार, तो पडला तर सगळे आडवे.

लिनक्समध्ये कुठलंही सॉफ्टवेअर एकटं येत नाही. त्याला आणखी दहा लहान पॅकेजं लागतात, त्या दहांना आणखी पाच. शिवाय प्रत्येकाची अट असते की मला अमुकच व्हर्जन पाहिजे. आमच्याकडे मराठीत गुणपत्रक छापायचा एक जुना प्रोग्राम होता. त्याला एका लायब्ररीचं, म्हणजे अशाच एका मदतनीस पॅकेजचं, जुनं व्हर्जन लागायचं. मग अभ्यासक्रम बदलला आणि गणिताचं एक नवं सॉफ्टवेअर आलं. त्याला त्याच लायब्ररीचं नवं व्हर्जन हवं. एक घातलं की दुसरं मोडायचं. मी म्हणालो, "जुनं काढून टाका." दिगंबरराव म्हणाले, "मग गुणपत्रक कोण छापायचं सर? तुमी?" दोन दिवस ते त्या भांडणापुढं बसले. तिसऱ्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरला त्यांनी त्याच्या लायब्ररीसकट वेगळी जागा करून दिली, आणि जुन्याला हात लागू नये म्हणून कुलूप घातलं. मला म्हणाले, "भांडण मिटत नसतं. दोघांचं बिऱ्हाड वेगळं करायचं, मंग दोघंबी नीट राहत्यात." पीएचडी माझी होती आणि शिकवत होते ते.

महाविद्यालयाचं इंटरनेट म्हणजे नावालाच. पॅकेजं उतरवून घ्यायला ते हार्डडिस्क पिशवीत घालून पॅसेंजरनं परभणीला जायचे आणि तिथल्या एका स्नेह्याच्या दुकानात दिवसभर बसायचे. हा प्रवास कधी कुठल्या अहवालात आला नाही.

त्यांची एक शिस्त होती, आणि सगळी हकीकत तिच्यापाशी येऊन थांबते. एखादं पॅकेज बसवायला सांगितलं की संगणक आधी दोन याद्या दाखवतो. काय नवं येणार ते एका यादीत, काय काढून टाकलं जाणार ते दुसरीत. मग विचारतो, पुढं जाऊ का? आपण सगळे डोळे झाकून 'हो' म्हणतो. दिगंबरराव म्हणत नसत. जवळच्या विद्यार्थ्याला बोलावून जाणाऱ्यांची यादी मोठ्यानं वाचायला लावत आणि प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारत, "हे काय काम करतंय, सांग." एकदा एक मुलगी वाचता वाचता थबकली. म्हणाली, "मामा, हे तर आपलं मराठी टायपिंगचं हाय." दिगंबररावांनी तिथंच काम थांबवलं आणि तिला शाबासकी दिली. मला म्हणाले, "येणाऱ्यांची यादी समदेच हौसेनं वाचत्यात सर. जाणाऱ्यांची आधी वाचायची." मी हसलो होतो. काय म्हातारपण लागलंय या माणसाला, असं तेव्हा वाटलं होतं.

आता त्यांच्या माणुसकीविषयी. माझ्या आईला परभणीच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा माझी रजा शिल्लक नव्हती. दिगंबररावांनी तीन आठवडे माझी सगळी प्रात्यक्षिकं घेतली. हजेरी माझ्या नावानं लागत राहिली, कारण सहायकानं शिकवलं असं दाखवता येत नाही. संध्याकाळच्या गाडीनं त्यांच्या घरून वहिनींची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दवाखान्यात पोचायची. आई म्हणायची, "हे कोण रे, तुझे पाहुणे?" मी म्हणायचो, "कॉलेजातले मामा आहेत." मी त्यांचे आभार मानले की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच मानले.

आई घरी आली आणि पंधरा दिवसांत महाविद्यालयाच्या तपासणीला बाहेरची समिती यायचं ठरलं. आदल्या दिवशी दिगंबरराव परभणीला निघाले. गणिताच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती समितीला दाखवायची होती आणि तिची पॅकेजं आणायची होती. जाताना मला बजावून गेले, "मी येईस्तोवर सर्व्हरला काही बसवू नका. उद्या सकाळी दोन तासात करून देतो."

दुपारी तेव्हाचे प्राचार्य प्रयोगशाळेत आले, हातात चहाचा कप. म्हणाले, "ते नवं सॉफ्टवेअर दाखवा." मी सांगितलं, दिगंबरराव परभणीला गेलेत. ते हसले. "मामाची वाट बघताय? पीएचडी आहात ना तुम्ही?"

झालं! एवढंच पुरलं मला. माझी नोकरी अजून कच्ची होती, कायम व्हायला चार महिने बाकी होते. मी मोबाइलच्या महागड्या इंटरनेटवरून नवी आवृत्ती उतरवली. दिगंबररावांनी घातलेलं कुलूप काढलं आणि आज्ञा दिली. पडद्यावर यादी आली. जाणाऱ्यांची यादी तीन पडदे भरून होती. प्रणालीलाही ते भलतंच वाटलं असणार. अशा वेळी ती नुसतं 'हो' ऐकत नाही. एक अख्खं वाक्य अक्षर न अक्षर टाइप करून मागते. त्याचा अर्थ होतो, 'हो, मी सांगतो तसंच कर.' मी ते वाक्य टाइप केलं. यादीतली एक ओळही वाचली नाही. मागं प्राचार्य चहा पीत उभे होते.

पाच मिनिटांत बावीसच्या बावीस पडदे काळे झाले.

चारच्या सुमारास दिगंबरराव आले. पिशवी खाली ठेवून सर्व्हरपुढं बसले. माझ्याकडं न बघता विचारलं, "यादी वाचली व्हती का?" प्राचार्य तिथंच होते. मी म्हणालो, "मी काही केलं नाही. आपोआप अपडेट आलं असेल." प्राचार्यांनी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. ते मूग गिळून बसले. दिगंबररावांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि काम सुरू केलं.

दोन दिवसांत त्यांनी आपल्या हार्डडिस्कवरून एकेक पॅकेज परत आणलं, सगळं पूर्ववत केलं. पण समिती दुसऱ्याच दिवशी बंद प्रयोगशाळा बघून निघून गेली होती. खुलासा मागवला गेला, तो माझ्याकडून नाही, दिगंबररावांकडून. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, 'प्रयोगशाळेची जबाबदारी माझी होती.' त्यांच्या सेवापुस्तिकेत 'हलगर्जीपणा' असा शेरा पडला आणि महिन्याभरात त्यांची बदली संस्थेच्या चारठाण्याच्या शाळेत झाली. कुठल्या कामावर? सामानाच्या खोलीवर. नकाशे, चेंडू आणि मोडकी बाकं यांची नोंद ठेवायला. लिनक्सचा सर्व्हर उभा करणारा माणूस निवृत्तीपर्यंतची सात वर्षं चेंडू मोजत बसला. त्या वर्षांत मी कायम झालो, विभागप्रमुख झालो. पुढं प्रयोगशाळेत नवे कोरे संगणक आले आणि ज्याला ते सांभाळता आले असते तो माणूस एसटीनं चारठाण्याला जात राहिला.

हे मी आज का लिहितोय? गेल्या महिन्यात या ग्रंथासाठी तयार केलेला दिगंबररावांचा परिचय माझ्याकडं तपासायला आला. त्यात लिहिलं होतं, 'स्वतःच्या विनंतीवरून चारठाण्याला बदली घेऊन त्यांनी ग्रामीण विद्यार्थ्यांची सेवा केली.' स्वतःच्या विनंतीवरून! इतकी वर्षं मी गप्प होतो, पण हे वाक्य माझ्या सहीनं छापायला जाणार होतं. तेवढं पचेना.

दिगंबरराव आता चुडाव्याजवळच्या आपल्या गावी राहतात. भावाची मेंढरं आहेत, थोडी शेती आहे. मी गेलो. वहिनींनी चहा दिला. मी म्हणालो, "सर, एक सांगायचं होतं." मी त्यांना 'सर' म्हणालो ते पहिल्यांदाच. ते उठून आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आले. त्या दिवसाच्या नोंदीची छापील प्रत होती. प्रणाली प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवते. वेळ, आज्ञा, आणि आज्ञा देणाऱ्याचं नाव. नाव होतं सुधीर. म्हणजे मी.

"त्याच दिवशी छापून ठेवलं," ते म्हणाले.

"मग दाखवलं का नाही, सर?"

मला वाटलं, आता ते काहीतरी थोर बोलतील आणि मी पाया पडून मोकळा होईन. ते म्हणाले, "तुमची नोकरी कच्ची व्हती. आई नुकतीच दवाखान्यातून आली व्हती. म्हणलं, दोन दिवस गप बसावं, सर आपणहून सांगतेल. आज सांगतेल, उद्या सांगतेल. चारठाण्याच्या गाडीत बसून बी वाट बघायलो व्हतो मी. मंग लय राग आला. नंतर राग बी दमला." कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "मला मोठं करू नका त्या पुस्तकात. मी माफ-बिफ काही केलेलं न्हाई."

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाल आमाला नको भाऊजी. ह्यांच्या नोकरीच्या पुस्तकात तो शबुद लिवलाय, तो खोडाय सांगा. नातवंडं इचारत्यात, आजोबा, तुमाला तिकडं का धाडलं व्हतं? काय सांगायचं त्यानला?"

परत येताना मला गाडीत बसवेना. दारात उभा राहून आलो.

म्हणून या गौरवग्रंथात, जिथं सगळे वाचतील तिथं, स्पष्ट लिहितो. ती आज्ञा मी, सुधीर जोगदंड यानं, स्वतःच्या हातानं दिली. त्या वेळी दिगंबरराव परभणीत महाविद्यालयाचंच काम करत होते. त्यांच्या नावावरचा शेरा खोटा आहे. खोटं बोलणारा मी आहे, आणि ते माहीत असून गप्प बसणारे तेव्हाचे प्राचार्य आहेत. त्यांचा लेख याच ग्रंथात आहे, तोही वाचावा. शेरा रद्द करावा असा अर्ज नोंदीच्या प्रतीसह मी संस्थेकडं दिला आहे. मला उत्तर मिळालं, "कार्यक्रम होऊ द्या, मग बघू." हा लेख कापला गेला तर कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठावरून मी तो वाचून दाखवीन.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना उदंड आयुष्य चिंतायची रीत आहे. मीही तेच चिंततो, पण माझं कारण जरा वेगळं आहे. आमच्या संस्थेत एक कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती काळ लागतो, हे मला चांगलं माहीत आहे. दिगंबररावांची प्रकृती तोवर ठणठणीत राहो. तो एक शब्द खोडलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, नातवंडांना जवळ बसवून मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं वहिनींसोबत सुखात राहावं. मला माफ करण्यासाठी मात्र त्यांनी त्यातला एक दिवसही खर्च करू नये.