सगळ्यांचा जन्म एक जूनचा

माझ्या चुलत भावाशी मी बोलत नाही. ओळखीच्यांना वाटतं, खोलीवरून किंवा गावाकडच्या जमिनीवरून बिनसलं असेल. तसं काही नाही. आमचं भांडण तारखांवरून झालं, आणि ते मिटावं अशी माझी इच्छाही नाही.

तो खराडीतल्या एका कंपनीत आहे. काका गेले आणि त्याला एकाएकी घराण्याचा इतिहास लिहायची हुक्की आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून त्यानं मला 'टीममध्ये घेतलं'. हे त्याचे शब्द. टीम म्हणजे आम्ही दोघंच.

पहिल्याच बैठकीत मी त्याला एक गोष्ट सांगितली. ज्या तारखेची खात्री नाही, तिच्यापुढे तसं लिहायचं. 'सुमारे', 'आधी', 'नंतर', आणि नुसत्या शाळेच्या दाखल्यावरची असेल तर 'कागदावरून'. बास, एवढेच शब्द. आणि ते सगळीकडे एकाच अर्थानं वापरायचे. एका ठिकाणी 'सुमारे' आणि दुसरीकडे तसाच अंदाज छातीठोकपणे, असं चालणार नाही. जुन्या पुस्तकावर साल नसलं तर आम्ही मनानं छापत नाही, हेही सांगितलं.

"ताई, एवढं बारीक कोण वाचतं?" तो म्हणाला. "अन् अर्धी तारीख टाकली की पान उघडंबोडकं दिसतं."

"उघडंबोडकं दिसू दे. खोटं तरी दिसणार नाही."

"तू फारच लायब्ररीत राहतेस."

आमच्या घरी कागदांवर जवळजवळ प्रत्येकाचा जन्म एक जूनचा आहे. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. मुलं घरी जन्मली, कुणी कुठं लिहून ठेवलं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारली, आजोबांनी डोकं खाजवलं. मग गुरुजींनीच एक जून टाकली, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून. त्या काळच्या कितीतरी मुलांची तीच गत. काका आणि माझे वडील एकाच दिवशी शाळेत गेले. काकांना एक साल मिळालं, वडिलांना त्याच्या पुढचं. प्रत्यक्षात दोघांमध्ये चांगलं तीन-चार वर्षांचं अंतर होतं, असं आजी सांगायची. कारण त्या दोघांच्या मध्ये एक मुलगी होती.

ती शाळेत गेली नाही. धाकट्या आत्याला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं. शाळेत गेली नाही म्हणून दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून तिच्या नावावर कुठलीच तारीख नाही. दहा-अकरा वर्षांची असताना तापानं गेली.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो समोर लॅपटॉप घेऊन बसला होता, बोटं चालत होती. मला वाटलं, लिहून घेतोय.

मग त्यानं खडकीत एक हॉल घेऊन कुटुंबाचं स्नेहसंमेलन ठेवलं. स्टेजवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला भिंतभर फ्लेक्स. त्यावर आमचा वंशवृक्ष, हिरव्या फांद्या, प्रत्येक पानावर नाव आणि जन्मतारीख. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. आत्या माझ्या हाताला धरून आली. त्या पिढीतली आता ती एकटीच उरली आहे. तिनं चष्मा लावला आणि काकांच्या पानावरून बोट फिरवत वडिलांच्या पानावर आणलं. तिथून स्वतःच्या पानावर. मग परत मागे.

"आमची ताई कुठंय?"

भाऊ हातात माइक घेऊन तिथंच उभा होता. माइक खाली करून म्हणाला, "अगं आत्या, तिचं बसत नव्हतं. माझ्या बाबांचा जन्म एका जूनचा, हिच्या वडिलांचा पुढच्या जूनचा. मध्ये आणखी एक मूल घातलं की सॉफ्टवेअर एरर देतं. लाल खूण येते."

"मग?"

"मग काय, दोघांचे दाखले आहेत. तिचा काहीच पुरावा नाही ना."

आत्यानं चष्मा काढला. "तिनं मला कडेवर घेऊन वाढवलं. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा शहरातनं माणसं आली होती आपल्याकडे राहायला. त्यांच्यासाठी भाकऱ्या थापत होती ती, मी शेजारी बसले होते. पुढच्या पावसाळ्यात नव्हती. मी पुरावा नाही का?"

"तसं नाही गं, पण सिस्टिमला—"

"तुझ्या सिस्टिमला सांग, मी अजून जिवंत आहे."

तो हसला. तो हसला म्हणून माझं डोकं फिरलं. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजींनी अंदाजानं टाकलेल्या दोन तारखा खऱ्या ठरवायला तू एक माणूस काढून टाकलंस. तुला 'सुमारे' लिहायला लाज वाटते, याची नाही वाटत?"

"ताई, प्लीज. इथं नको."

"इथंच. भिंतीवर तू लावलंयस, मी नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो, एवढ्या लहान पोरीचं काय, जेवणं थंड होतायत." त्या आवाजाकडे मी वळूनही पाहिलं नाही. आत्याला घेऊन निघून आले.

तेव्हापासून माझं काम मी वेगळं करते. आत्याकडे जाऊन बसते. तिच्या स्वतःच्या जन्मापुढे मी 'धर्मांतरानंतर' लिहिलं, कारण नागपूरला दीक्षा झाली तेव्हा ती आईच्या पोटात होती. खाली 'कागदावरून' म्हणून शाळेची एक जूनही दिली, ती खोटी असली तरी शाळेनं दिलेली आहे म्हणून. काका आणि वडील दोघांच्याही सालांपुढे 'सुमारे'. त्या मुलीच्या मृत्यूपुढे 'पानशेतनंतर, पुढच्या पावसाळ्याआधी'. जन्मापुढे 'थोरल्या भावानंतर, धाकट्याआधी'. एवढं ठाऊक आहे, एवढंच लिहिलं. नातेवाइकांना ते आवडत नाही. त्यांना भावाचंच आवडतं, मोबाइलवर उघडतं, रंगीत आहे.

भावानं माघार घेतली, असं मधे मला कुणीतरी कौतुकानं सांगितलं. म्हणे, त्या मुलीचं पान त्यानं वाढवलं. कसं, ते उन्हाळा संपताना कळलं. कुटुंबाच्या ग्रुपवर त्याच्या ॲपमधून आपोआप संदेश आला: आज यांचा वाढदिवस. काका, वडील, आत्या, आणि ती. चौघांच्या नावापुढे केकचं चित्र. एरर येऊ नये म्हणून काकांचं साल त्यानं मनानं मागे ढकललं होतं, आणि तिला एक जून देऊन टाकली होती. खाली लोकांचे गुच्छ सुरू झाले. एका वहिनीनं त्या मुलीला उदंड आयुष्य चिंतलं.

मी ग्रुप सोडला. आत्याला तिच्या नातीनं संदेश वाचून दाखवला, तेव्हा मी तिथं होते. आत्यानं भावाला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

"हॅपी बर्थडे, आत्या!"

"माझी तारीख काढ."

"अगं, का? तुझी तर दाखल्यावर आहे."

"मी कधी जन्मले ते मला ठाऊक नाही, तुला कुठून ठाऊक? आधी आमच्या ताईची काढ. मग माझी."

"मग नुसतं रिकामं ठेवू?"

"हिला विचार," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "ही सांगते काय लिहायचं ते."

त्यानं विचारलं नाही. 'बघतो' म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत दोघींच्या तारखा निघाल्या, माझ्या वडिलांची आणि काकांची तशीच राहिली. त्यानंतर तो आत्याकडे आलेला नाही. आत्या म्हणते, बरं झालं, चहा वाचला.