बघून आलोय

बिरूतात्या माइक हातात घ्यायच्या आधी चपला काढत. माइक देवळातला असो की ग्रामपंचायतीच्या ओसरीवरचा. मग एकदा खाकरून म्हणत, "बिरू बोलतोय. बघून आलोय." बातमी त्यानंतर.

तात्या माझे धाकटे चुलते. आजोबांची मेंढरं होती, त्यांच्यामागं रानोमाळ हाका घालून तात्यांचा घसा असा तयार झाला होता की लाइट गेली तरी गावाचं अडत नसे. जनावरांच्या लसीकरणाचं शिबिर, हरवलेली शेळी, कुणाचं मयत, सगळं तेच पुकारत. आणि "बघून आलोय" हे अगदी खरं असे. कालव्याला पाणी सुटल्याचा फोन आला तरी मोपेडवरून फाट्यापर्यंत जात, पाण्यात हात घालत आणि ओल्या बाहीनं येऊन सांगत. "फोनमधनं पाणी येत न्हाय बाबा." एकदा इंदापूरहून भावकीतल्या मयताचा निरोप आला. तात्या एसटीनं गेले, तोंड बघून परत आले आणि पुकारलं. ऐकायला गावात कुणी उरलंच नव्हतं; सगळे मयताला गेले होते.

निवडणुकीत ते रिक्षावर बसून कुणाचाही प्रचार करत. पण आश्वासनाला शेपूट लावत. "आपले उमेदवार वस्तीपातुर रस्ता करणार हायत... असं म्हणत्यात."

"तात्या, ते शेवटचं नका ना म्हणू!" उमेदवार कपाळावर हात मारून घेई.

"मग रस्ता दाव. लगीच म्हणतो, बघून आलोय."

माझं घर गावातच, पण फ्लेक्सचं दुकान बारामतीत. पुढाऱ्यांना फ्लेक्सवर गोरं करण्यात हयात गेली, त्यामुळं खऱ्याशी माझं नातं तसं लांबचंच. मागच्या ग्रामपंचायतीला माझा वर्गमित्र सरपंचपदाला उभा होता. समोर सुमनकाकू, त्या गावात दूध संकलन केंद्र चालवत. मित्र म्हणाला, "काकू दुधात पाणी घालतात, हे एकदा तात्यांच्या तोंडून फिरलं की काम झालं." मी तात्यांकडं गेलो.

"तू बघितलंस?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. तू डेअरीत कवा गेलतास? तुझी बायको तर पिशवीचं दूध घेती."

मी परत आलो. पण दुकानात लसीकरण शिबिराच्या वेळचं तात्यांचं रेकॉर्डिंग पडलं होतं. त्यातलं "बिरू बोलतोय, बघून आलोय" एवढंच कापून घेतलं आणि पुढचं दुधातल्या पाण्याचं वाक्य मीच घसा खरवडून म्हटलं. रिक्षाच्या कर्ण्यातून ते इतकं हुबेहूब वाजलं की मला माझंच कौतुक वाटलं. मतदानाला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका किटल्या घेऊन दूध घालायला लांबच्या वस्तीवरच्या केंद्रात गेल्या. पारावर चहा पिताना तात्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. उठून काकूंच्या केंद्रावर जाऊन उभे राहिले, आणि दोन वेळचं दूध डोळ्यांदेखत गाडीत चढेपर्यंत तिथून हलले नाहीत. मग चपला काढल्या.

"बिरू बोलतोय. रिक्षावर ऐकलं ते मी बोललो न्हाय. आमच्या बाळ्यानं जोडलंय. दोन येळंला डेअरीत उभा व्हतो. पाणी न्हाय. बघून आलोय."

बाळ्या म्हणजे मी. वय अठ्ठेचाळीस.

पारावर कुणीतरी हसलं. "तात्या बी फुटलं की! काल हिकडनं, आज तिकडनं." काकू थोडक्यात पडल्या. विजयी मिरवणुकीत मला शाल मिळाली.

उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं. तात्या हात घालून आले, पुकारलं. पूर्वी एवढं ऐकलं की लोक सरळ आपापल्या रानाकडं वळत. आता पाच-दहा मिनिटांत डझनभर मोटरसायकली फाट्याकडं निघाल्या. पाणी खरंच आलंय का ते बघायला. तात्या ओसरीवर बसून ओली बाही पिळत होते. मी शेजारी जाऊन बसलो.

"तात्या, चुकलं माझं."

"तुझं इलेक्शन तीन दिसाचं व्हतं रं," बाहीकडं बघतच ते म्हणाले. "मला हितं रोज बोलायचं व्हतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतरही ते पुकारत राहिले. तसेच चपला काढून, तसेच आधी बघून. लोक ऐकत आणि मग कुणाला तरी विचारत.

दिवाळीनंतर एका सकाळी तात्या उठलेच नाहीत. पुकारायचं कुणी, हा प्रश्नच होता. शेवटी ओसरीवर मी चपला काढल्या. "बाळ्या बोलतोय. आमचे बिरूतात्या गेले." मग म्हणालो, "बघून आलोय."

घरी पोचलो तर बायको दारातच फोन कानाला लावून उभी. पलीकडून सुमनकाकूंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अगं, त्यो बाळ्या पुकारतोय ते खरं हाय का?"

मी फोनसाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही.

"व्हय काकू," ती म्हणाली. "मी बघितलंय."