फिल्टरची काचेची वाटी

हमरापूरहून आमचा गणपती रोह्याला नेताना नागोठण्याच्या अलीकडे सासऱ्यांची जुनी मोटार आचके देत थांबली. मी नवी नवरी, देव माझ्या मांडीवर. घरच्या पाटाआधी त्याला कुठेच टेकवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिकडे सासूबाई पाट मांडून वाट बघत होत्या आणि इकडे दिवस कलला होता.

जवळच्या गॅरेजातून एक मिस्त्री आला. त्याचं नाव विचारायचं राहिलंच. बोनेट उघडून त्याने पेट्रोलच्या फिल्टरची काचेची वाटी सोडवली. तळाशी गंज आणि पाणी साचलेलं. पेट्रोलने खळबळून ती त्याने उन्हात धरली, पुन्हा धुतली, पुन्हा धरली. मूर्ती कवटाळून मी शेजारी उभी. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच सूचना देत होते. "अहो, घट्ट धरा! फुटली तर दुसरी कुठून आणायची?"

मान वर न करता तो म्हणाला, "वैनी, तुमचा देव तुमी सांभाळा. माजा माज्या हातात हाय."

सासरे खो खो हसले.

त्याने वायसर बोटाने बसवला, वाटी चढवली आणि पंपाची बारकी दांडी हलवू लागला. वाटीत पेट्रोल चढलं, इतकं नितळ की पलीकडची त्याची बोटं दिसली. गाडी सुरू झाली, तरी तो वाटीकडेच बघत राहिला, कुठे थेंब पाझरतो का म्हणून.

मिठीत साक्षात गणपती, आणि मी वेंधळी त्या वाटीला हात जोडायला निघाले होते! हात गुंतलेले होते, म्हणून देवासमोर अब्रू राहिली.